चैत्राची भरती आणि सहाशेची लेन्स

कोकण किनाऱ्यावर पक्षी पाहायला निघायचं तर कॅमेऱ्याच्या बॅगेआधी पंचांग उघडावं लागतं. मुंबई-अलिबाग पट्ट्यातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं, त्रयोदशीला पावणेदहाला. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. चिखल्या, टिलवे, तुतवार या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवसही उजेडापेक्षा याच हिशेबाने चालतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत नि चिखलात पोट भरायचं, मग ती रात्रीची ओहोटी का असेना. भरतीला कोरड्यावर दाटीने बसायचं आणि पाणी उतरायची वाट पाहायची.

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर चैत्र शुद्ध त्रयोदशीला आलेल्या एका मामा-भाचीचा वाद या हिशेबावरूनच सुरू झाला. मामा निवृत्त शिक्षक. खांद्याला स्पॉटिंग स्कोप, खिशात वही आणि पेन्सिल. भाची ठाण्यात नोकरी करते. तिच्याकडे सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे आणि वाळूवर पालथं पडून नेम धरता यावा म्हणून एक बीन बॅग. दोघांनाही पक्ष्यांचं वेड आहे, आणि पक्षी कसा पाहावा यावर दोघांचं एकमत होत नाही.

"त्रयोदशी तू निवडलीस ती फोटोसाठी," मामा म्हणाले.

"हो. साडेसातला ऊन तिरपं असतं आणि पाणी चढत असतं. मी एका जागी आडवी पडून राहते. पाणीच त्यांना माझ्याकडे ढकलत आणतं. मी एक पाऊलही टाकत नाही, मामा."

"आणि नेमकं तेव्हाच त्यांचं ताट आखडत असतं. जेवणाच्या शेवटच्या दोन घटका उरलेल्या असतात. तेवढ्यात तू समोर."

"मी समोर असते म्हणून ते जेवायचे थांबत नाहीत. थांबले, तर मी वाईट फोटोग्राफर आहे असं समज."

मामांचा मुद्दा एवढ्याने निकालात निघत नाही, कारण महिना चैत्राचा आहे. डिसेंबरात इथे आलेला चिखल्या मळकट तपकिरी असतो, वाळूतून हललाच तर दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो, डोळ्यांभोवती काळं येतं. कर्ल्यू सँडपायपर वीटकरी होतो, टर्नस्टोनची पाठ तांबडी-काळी होते, ग्रे प्लोव्हरचं पोट काळंभोर. ही सारी विणीच्या हंगामाची तयारी. फोटोग्राफर वर्षभर या तीन-चार आठवड्यांची वाट पाहतात आणि त्यांना दोष देता येत नाही, पक्षी तेव्हा खरोखरच देखणा असतो. पण याच आठवड्यांत त्याला अंगावर चरबीही साठवायची असते. चिखल्याला हिमालय ओलांडून तिबेटच्या पठाराकडे जायचं आहे, कर्ल्यू सँडपायपरला थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाला. अलास्काहून न थांबता न्यूझीलंडकडे झेपावणाऱ्या बार-टेल्ड गॉडविटचा अभ्यास झाला, तेव्हा निघायच्या वेळी त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग निव्वळ चरबी असल्याचं दिसलं. आतडी, यकृत यांसारखे प्रवासात फारसे लागत नाहीत ते अवयव आक्रसलेले होते. शरीर ओझं कमी करतं आणि इंधन भरतं. आक्षीचे पक्षी एवढ्या लांब एका दमात जात नसतील, पण निघण्याआधी त्यांनाही भरपूर खावंच लागतं.

"एकदा उडवलास तर दोन मिनिटांचं नुकसान," मामा म्हणाले. "तू एकटी असशील तर ठीक आहे. पण सुट्टीच्या दिवशी तुझ्यासारखे दहा जण येतात. त्यात कुत्री, त्यात घोडागाडी, त्यात वाळूवर भन्नाट सुटलेल्या त्या चारचाकी बाइका. मग एका ओहोटीत तो किती वेळा उडाला, मोज."

"मोजायला माझा कॅमेराच कामी येईल," भाची म्हणाली.

हे नुसतं शब्दाला शब्द म्हणून नव्हतं. तिने मागच्या खेपेचा एक फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. कर्ल्यू सँडपायपर, पाण्याच्या रेषेला समांतर उभा, चोचीच्या टोकाला ओल्या वाळूचा गोळा. पाठीवरची पिसं एकेक मोजावी इतकी स्पष्ट. खांद्यावर नवी पिसं आलेली, मधे काळी आणि कडेला तांबूस. त्यांच्यामध्ये हिवाळ्याची जुनी, करडी, कडा झिजलेली चार-पाच पिसं अजून टिकून होती. पोटावर वीटकरी रंग ठिगळाठिगळांनी उतरलेला. पक्षी पिसं कशी बदलतो, हे या एका फोटोत पुस्तकातल्यापेक्षा नीट कळत होतं. स्कोपमधून हे दिसत नाही. दिसलं तरी पुढच्या क्षणी पक्षी वळतो.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला. "याला अजून निघायला अवकाश आहे," एवढंच म्हणाले.

"बघ, हे तुला फोटोमुळे कळलं. आणि पायातल्या पट्ट्या? एखाद्या चिखल्याच्या पायात रंगीत पट्टी असते, तिच्यावर दोन-तीन अक्षरं. रंगांच्या जोडीवरून देश कळतो, अक्षरांवरून तो एकटा पक्षी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे लोक रिंगिंग करतात, पण ती पट्टी पुन्हा कुणी वाचली तरच त्या कष्टाचं चीज होतं. धावत्या चिखल्याच्या पायावरची अक्षरं तुझ्या स्कोपमधून वाचून दाखव. मी तीस फ्रेम मारते, एखादीत अक्षर लागतंच."

इथे भाचीचं पारडं जड आहे. २०२३ मध्ये ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने लेसर सँड प्लोव्हरचे, म्हणजे याच चिखल्याचे, सैबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग केले. अशा जुळ्यासारख्या पक्ष्यांत फरक करायचा तर कपाळावरचा पांढरा भाग, छातीच्या पट्ट्याची कड, असं बारीकसारीक पाहावं लागतं आणि दुसऱ्याला दाखवावं लागतं. नुसतं 'मी पाहिला' म्हणून भागत नाही. दुर्मीळ पक्ष्याची नोंद तपासणारा माणूस आधी फोटोच मागतो.

मामांच्या वहीची बाजूही कच्ची नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ मध्ये आला, तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातल्या बहुतेक नोंदींना फोटो नाही. कुठे, केव्हा, किती वेळ पाहिलं आणि कोणते पक्षी किती दिसले, एवढाच मजकूर. दूरदेशीहून येणारे स्थलांतरित, त्यातही किनाऱ्यावरचे, कमी होत चालले आहेत हे अशा साध्या याद्यांतून उमगलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर यांना जगभरच्या असुरक्षित पक्ष्यांत टाकलं. दोन्ही आक्षीला दिसतात. सुंदर दिसणाऱ्या एका पक्ष्यामागे सकाळभर राहणाऱ्या फोटोग्राफरच्या कार्डात बाकीचे पन्नास मळकट पक्षी नसतात, आणि घटत आहेत ते बहुतेक हे मळकटच. मामा याच गोष्टीसाठी तळमळतात. "तुमच्या कार्डात फक्त पास झालेली मुलं असतात. हजेरीपट कोण भरणार?" असं ते म्हणाले तेव्हा शाळेतली सवय बोलत होती, आणि खरं बोलत होती.

पाणी चढत होतं. सुरूच्या बनासमोर वाळूचा एक उंचवटा भरतीतही बराच वेळ कोरडा राहतो. तिथे चिखल्यांचा थवा बसायला लागला. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, कुणी एका पायावर, कुणी चोच पाठीच्या पिसांत खुपसलेला. भाची आधीपासून पालथी पडून होती, बरंच अंतर राखून. थव्याच्या कडेचे दोन चिखल्ये तिच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनीही माना आत घेतल्या.

तेवढ्यात तिघा-चौघांचा एक गट आला. लेन्स मोठ्या, कपडे हिरव्या ठिपक्यांचे. त्यांतला एक सरळ थव्याकडे चालत गेला, बाकीचे बाजूला कॅमेरे रोखून उभे राहिले. थवा उठला. पंखांची पांढरी बाजू एकदम चमकली, वळण घेतलं, पुन्हा चमकली. शटरचा सडा पडला. थवा समुद्रावर फेरी मारून परत आला आणि उतरायच्या बेतात असताना पुन्हा उडवला गेला.

"हे बघ," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हात थरथरत होता.

"हे मला दाखवू नकोस, त्यांना सांग," म्हणत भाची उठली आणि गटाकडे गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मंडळी थोडी मागे सरली, एकजण कुरकुरला, दोघांनी मान डोलावली.

मामांनी ज्याची भीती घातली होती ते हेच. आणि भाचीला ते त्यांच्याइतकंच झोंबलं, कारण उडवून घेतलेला फोटो ओळखता येतो: सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळताना दिसतात. उड्डाणाचा चांगला फोटो हवा असेल तर पाणी उंचवट्याला लागेपर्यंत थांबायचं असतं. तेव्हा थवा आपण होऊन उठतो, आपण होऊन वळतो. वेळ माहीत असलेला फोटोग्राफर भरतीआधी येऊन बसतो. न माहीत असलेला भरतीनंतर येतो आणि पक्ष्यांमागे धावतो. किनाऱ्यावरच्या फोटोग्राफीतलं बरंचसं बरंवाईट या एका गोष्टीवर ठरतं. लेन्स किती मोठी, हा प्रश्न नंतरचा.

मामांनी मग जुन्या माणसांचा दाखला काढला. अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. तिथे १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरणींच्या घरट्यांवर तासन्‌तास नजर ठेवली. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीने पसंत केलं की ते पुरं करून तो पुढच्या घरट्याला लागतो, हे तिथे उलगडलं. "हातात कॅमेरा नव्हता. डोळे होते आणि दम होता."

"सलीम अलींचेच मित्र होते सिंगापूरचे लोक वान थो," भाची म्हणाली. "सिनेमाच्या धंद्यातले मोठे उद्योगपती, आणि पक्ष्यांचे फोटो काढण्यात त्या काळी अव्वल. कुठून काढायचे? घरट्याशेजारी आडोसा बांधून. तेव्हा लेन्सचा पल्ला नव्हता, पक्षी हमखास जवळ येणार तो घरट्यावरच. त्या पिढीचे नावाजलेले फोटो काढून बघ, निम्मे घरट्यावरचे निघतील. आज मी लांबून फोटो काढू शकते ते या लेन्समुळे. तुम्ही तिलाच दोष देता."

लोक वान थो यांच्या काळी घरट्याजवळचा आडोसा हा अभ्यासाचा रूढ मार्ग होता, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना उपद्रव देणं हेही येतं. कायद्याच्या पुस्तकात घरट्याशी केलेली छेडछाड बंदुकीच्या शेजारी बसते, हे फार थोड्या कॅमेरेवाल्यांना ठाऊक असतं. चैत्रात हे ठाऊक असणं विशेष गरजेचं आहे, कारण स्थलांतरित पाहुणे निघण्याच्या तयारीत असताना इथल्या टिटव्यांची वीण चालू झालेली असते.

पक्ष्यांना माणसांची सवय लावण्याचाही विषय निघाला. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचवर हिवाळाभर प्रवासी कुरवांना शेव-गाठी आणि वेफर्स भिरकावतात. कुरव हवेतल्या हवेत झेलतात, हाताच्या अंतरावर येतात, फोटो उत्तम निघतात. भाचीकडेही आहेत. पण ते दुसऱ्यांनी टाकलेल्या खाऊवर काढलेले आहेत, असा बचाव ती करत नाही. ते ती कुठे लावत नाही. मामांना हे आवडलं. त्यांच्या मते मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन खाऊ घालून जवळ आणणं ही मैत्री नव्हे. यावर दोघांचा वाद झाला नाही.

खरा वाद पेटला तो जागा सांगण्यावरून.

"एक दुर्मीळ पक्षी दिसला, तू ग्रुपवर टाकलास, पुढच्या रविवारी तिथे जत्रा," मामा म्हणाले. "पक्षी पाहावा आणि गप्प बसावं."

"गप्प बसून काय वाचलं, मामा? ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात हे चार जणांनाच माहीत राहिलं असतं, तर २०१५ साली तिथे अभयारण्य झालं असतं? २०२२ मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत नाव गेलं असतं? ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, शाळेतली मुलं गुलाबी थवे बघून येतात. उद्या तिथे भराव टाकायला कुणी आलं तर ओरडणारे हजारो आहेत. उरणच्या पाणथळी बघ. पाणजे, भेंडखळ. तिथे पाणी अडवलं, माती पडली, तेव्हा काय दाखवलं लोकांनी? फोटोच ना?"

"आणि तेच फोटो बघून लोक पायाखाली चिखल तुडवत आत शिरले."

"म्हणून दोरी बांधायची. वेळासला बांधतात तशी."

वेळासचा दाखला बिनतोड आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी ते एप्रिल माणसं लांबून येतात, गावात घरगुती मुक्काम करतात, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे सोडली जातात. मधे दोरी, दोरीमागे माणसं, फ्लॅश बंद. ज्या गावाची घरटी, त्याच गावाची शिस्त आणि त्याच गावाला उत्पन्न. कासवाला जे जमलं ते चिखल्याला का जमू नये?

मामांच्या मते जमणार नाही, आणि त्यांचं कारण विचार करण्याजोगं आहे. कासवाची पिल्लं ठरल्या वेळी, ठरल्या जागी सुटतात. चिखल्यांचा थवा रोज वेगळ्या वेळी, पाण्याप्रमाणे वेगळ्या वाळूवर बसतो. दोरी कुठे बांधणार? रोजची दोरी रोज पंचांग पाहून हलवावी लागेल, आणि ते करणारा माणूस किनाऱ्यावर राहणारा हवा. भाचीने यावर चटकन उत्तर दिलं नाही. मग म्हणाली की असा माणूस प्रत्येक कोळीवाड्यात असतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

पावणेदहाला पाणी पूर्ण भरलं. मामांनी थव्याचा अंदाज लिहिला, भाचीने तीन फोटोंवरून मोजणी केली. तिचा आकडा बराच मोठा निघाला. दाटीने बसलेल्या थव्यात मागच्या रांगा झाकल्या जातात, डोळ्यांचा अंदाज बहुधा कमीच भरतो. मामांनी आपला आकडा खोडला नाही. शेजारी दुसरा लिहिला आणि तो कसा मिळाला तेही लिहिलं.

परत निघताना गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत टिटवी ओरडायला लागली. डोक्यावरून झेपा घेत होती, म्हणजे अंडी जवळपास होती. दोघं जागच्या जागी थांबले. दहा-बारा पावलांवर उघड्या जमिनीत, बारीक खड्यांच्या कोंडाळ्यात चार अंडी. मातकट, वर काळे शिंतोडे, टोकं आत वळलेली. डोळा हलवला की पुन्हा सापडेनात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. चैत्राच्या उन्हात तिला उठवून ठेवलं तर अंडी भाजतात.

भाचीने कॅमेऱ्याला हात लावला नाही. मामांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पण पलीकडे मुंबईच्या दोन गाड्या वळत होत्या.

"चल, गुपचूप निघू," मामा म्हणाले. "आपण थांबलो की चार जण बघायला येतील."

"निघालो तर टायर येतील." ती पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्या मुलाकडे गेली. "दादा, तिथे टिटवीची अंडी आहेत."

"माहिताय ताई. दरसाल बसते. आम्ही तिकडं गाडी घेऊ देत न्हाई, पण सुट्टीला लोक ऐकत न्हाईत. सकाळीच एक गाडी पार जवळून गेली."

"मग दगड लावू या का? एक रांग?"

"दगड लावले की लोक विचारणार काय आहे," मामा मागून म्हणाले.

"नारळाचे ओंडके पडलेत तिकडं," मुलगा म्हणाला. "ते आडवे टाकले तर कोण काय विचारत न्हाई. वाटेल मालकानं टाकलेत."

तिघांनी मिळून ओंडके ओढायला घेतले. किती लांब टाकायचे यावर पुन्हा मामा-भाचीचं जुंपलं. ती पंधरा पावलं म्हणत होती, मामा पंचवीस. पंचवीस केली तर दोन गाड्यांची जागा जाते, असं मुलाने सांगितलं. घासाघीस होऊन वीसवर आलं. ई-बर्डच्या यादीत टिटवीपुढे 'घरटं, अंडी' असं लिहायचं की नुसतं 'दोन टिटव्या', हे मात्र गाडी अलिबाग ओलांडून गेली तरी ठरलं नव्हतं.